साड्यांचं गॅरेज

नाशकात माणूस घर बांधायला काढतो तेव्हा त्याला आधी ग्रामदैवत आठवतं, मग वाळूवाला, मग गवंडी, मग कामाला नावं ठेवायला मेव्हणा. परवानगी आठवते ती गिलावा झाल्यावर. मग तो घाम पुसत द्वारका चौकात यायचा, टायरच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढायचा आणि माझ्यासमोर बसून म्हणायचा, "मॅडम, थोडंसंच बाहेर गेलंय."

त्या थोडंसंवर माझं घर चाललं. मी सरकारी नव्हते. लोकांचे नकाशे काढायचे, ते नियमात बसवायचे, साहेबांपुढे न्यायचे आणि मंजूर करून आणायचे, असा परवाना असलेली मी खासगी इंजिनिअर. चांदवडच्या एका गृहस्थांनी दुमजली बंगल्याला कांद्याची चाळ म्हणून परवानगी मिळेल का, असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, बाल्कनीचं काय सांगू? ते म्हणाले, कांद्याला वारा लागतो ना. आणि वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर? त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि कांदा धुऊन पाठवला तर भाव चांगला येतो असं सांगितलं. धुतलेला कांदा सडतो हे मला ठाऊक नसेल असं चांदवडच्या माणसाने धरून चालावं, एवढीच काय ती माझी मानहानी.

तर अशा धंद्यातली माझी आवडती केस म्हणजे पगाऱ्यांचं गॅरेज. ती सांगण्याआधी मी त्या काळी कशी होते त्याची ओळख करून देते, कारण आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन. डोळ्यांवर गॉगल, तो सावलीतसुद्धा. हातात ब्रीफकेस, तिच्यात एक टेप, एक डबा आणि नियमांचं पुस्तक. पुस्तक पाठ होतं तरी बरोबर न्यायची, कारण समोरच्याला ते जाड दिसलं पाहिजे. कुणी "पाणी घेणार का?" विचारलं तरी बाई आधी कलम सांगायची.

पगारे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेकंडहँड, मरून रंगाची छोटी गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली, ही पहिली स्वतःची. हरसूलच्या रस्त्याला, शहर संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात तिथे, एका तळ्याच्या काठी त्यांचं बैठं घर. दारात चिंच. चिंचेवर बगळ्यांची वसाहत. गाडी पहिल्या रात्री मरून होती, सकाळी पांढरी झाली. पगाऱ्यांनी ती आठवडाभर रोज धुतली आणि मग एक दिवस गवंडी बोलावून हॉलचं दार रुंद केलं.

हे मला ते माझ्या कचेरीत सांगत होते तेव्हा मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. प्रत्यक्ष गेले तर दारातून सरळ गाडीचं नाक दिसलं. गाडी हॉलमध्ये. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शोकेस, शोकेसमध्ये मुलाची कॉलेजातली ढाल, आणि त्यापुढे बंपर.

"जयभीम मॅडम, या, बसा," पगारे म्हणाले.

मी बसायला जागा शोधली. त्यांनी अदबीने मागचं दार उघडलं.

मी आत बसले. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सवयीने आरशातून माझ्याशी बोलू लागले. खिडकीची काच खाली झाली आणि त्यातून चहा आला. चहा देणारा हात त्यांच्या बायकोचा, शांताबाईंचा होता. बशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर अशी ठेवली की मला केसचं गांभीर्य कळलं.

शांताबाई ब्लाउज शिवायच्या. आजूबाजूच्या चार वस्त्यांमधल्या बायका त्यांच्याकडे यायच्या, कारण त्यांनी शिवलेला गळा कधी खांद्यावरून उतरायचा नाही. हॉलमध्ये त्यांचं मशीन होतं, मोठा आरसा होता, बायकांना बसायला सतरंजी होती. गाडी आली आणि मशीन स्वयंपाकघरात गेलं, आरसा मोरीत गेला. गिऱ्हाइकं ब्लाउज घालून पाहायची तर गाडीच्या बाजूच्या आरशात. त्या आरशात बाई असते त्याहून जाड दिसते की बारीक यावर वस्तीत दोन मतं होती, पण कोणालाच ते आवडलं नव्हतं. बायका दुसरीकडे जायला लागल्या होत्या.

मी निघाले तेव्हा शांताबाई ओट्यावर आल्या.

"हे बघा ताई, मला त्यांच्या गाडीचं वाईट वाटत नाय," त्या म्हणाल्या. "पण दसऱ्यापर्यंत ती घराबाहेर नाय गेली, तर मी मशीन उचलून भावाकडं जाणार. मग त्यांनी गाडीलाच स्वयंपाक शिकवावा."

पगारे हसले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

आता जरा धंद्याचं. आपली जागा आपली असली तरी तिच्या चारही कडांना ठरावीक मोकळी पट्टी सोडावी लागते. हवा यावी, आगीचा बंब फिरावा, शेजाऱ्याची चूल आपल्या भिंतीला लागू नये म्हणून. जागा पाण्याजवळ असेल तर पाण्यापासूनही अंतर सोडायचं. पगाऱ्यांचा प्लॉट म्हणजे मोडलेल्या भाकरीचा तुकडा, एका बाजूला टोकच. त्यात रस्त्याच्या अंगाला विजेच्या तारा. गॅरेज बसेल अशी जागा एकच, तळ्याच्या बाजूला, शेजारच्या यमुनाआक्कांच्या कुंपणाला लागून. अशा वेळी नियमातून सवलत मागता येते. पण अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची चालत नाही. प्लॉट वाकडा आहे हे कारण चालतं. बायको माहेरी चालली आहे हे चालत नाही, साहेब स्वतः त्याच अवस्थेत असले तरी.

मी मात्र म्हटलं, सवलत कशाला? अंतर मोजू. भर वैशाखात गॉगल लावून टेप काढला. पाण्याचा काठ इतका लांब होता की टेप संपला आणि पुढे पावलं मोजावी लागली. तळ्याच्या पोटात पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांच्या यष्ट्यांना वळसा घालून मी मोजत गेले. यमुनाआक्का कुंपणाच्या पलीकडे शेवंतीच्या वाफ्यात उभ्या होत्या.

"बाई, काय मोजता?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं अंतर, आजी."

"आत्ता मोजता व्हय?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकून खुरपायला लागल्या.

मला वाटलं, अडाणी बाई आहे. नकाशा काढला, त्यात तळं लांबवर निळं रंगवलं, अर्ज केला. साहेब पाहणीला आले ते पावसाळा लागल्यावर. त्यांचं नाव देवरे, सटाण्याकडचे, स्वभावाने गरीब आणि बोलायला शुद्ध कार्यालयीन. मी त्यांना प्लॉटच्या टोकाला नेलं आणि थांबले, कारण पुढे जायला जागाच नव्हती. यष्ट्या होत्या तिथे बदकं पोहत होती. पाणी पेरूच्या बुंध्याला लागलं होतं. देवरेंनी माझा नकाशा पाहिला, तळं पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"मॅडम, आपल्या नकाशातलं तळं गावाला गेलं होतं का?" त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

अंतर मोजायचं ते पाणी सर्वांत वर चढतं तिथपासून. हे त्या जाड पुस्तकात होतं. पाठही होतं. पण वैशाखात गॉगलमधून ते मला दिसलं नव्हतं. शांताबाई मागे पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मी वळून पाहिलं नाही.

म्हणजे सवलत मागणं आलं. आणि सवलत म्हटली की शेजाऱ्याची ना हरकत लागते. यमुनाआक्कांनी ती द्यायला साफ नकार दिला. आक्का एकट्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब लावायच्या, पहाटे फुलं तोडून शहरात पाठवायच्या.

"उजेड अडतो," त्या म्हणाल्या.

मी घरी जाऊन सूर्याचा कोन काढला. वर्षाच्या बारा महिन्यांत गॅरेजची सावली कुठे पडेल याचे रंगीत नकाशे केले. ते त्यांच्या ओट्यावर पसरले, वर दगड ठेवले आणि त्यांना दाखवलं की सावली शेवंतीच्या अलीकडेच थांबते. आक्कांनी सगळं शांतपणे ऐकलं. नकाशे छान रंगवलेत म्हणाल्या.

"पण उजेड अडतोच," म्हणाल्या.

मी भिंत थोडी बुटकी केली. तरी नाही. भिंतीला खिडकी काढली. तरी नाही. खिडकीला जाळीचं नक्षीकाम काढलं, त्यावर मी दोन दिवस बसले होते. आक्कांनी जाळीवरून बोट फिरवलं आणि "भिंतच हाय ना पण?" असं विचारलं. हो, म्हटलं. मग नाय, म्हणाल्या. मला एवढंच कळलं की बाई हट्टी आहे. माझ्या मनात आलेला दुसरा शब्द दिवाळी अंकात लिहिता येत नाही.

माझ्याकडे एक शेवटची युक्ती असायची. नकाशा कुणाला कळत नाही, कापड सगळ्यांना कळतं. म्हणून मी हट्टी शेजाऱ्यांसमोर होणारं बांधकाम बांबू आणि साड्यांनी उभं करून दाखवायची. जमिनीवर चुन्याची फक्की मारायची, कोपऱ्यांत बांबू रोवायचे, भिंतींच्या जागी साड्या ताणायच्या. शेजारी येतो, बघतो, म्हणतो, एवढंच होय, आणि सही करतो. श्रावणातल्या एका सकाळी देवरे साहेब पुन्हा येणार होते. मी ठरवलं, साहेब आणि आक्का दोघांनाही एकदमच गॅरेज दाखवू.

शांताबाईंनी ट्रंक उघडली. लग्नातली पांढरी साडी सोडून बाकीच्या सगळ्या दिल्या. नवऱ्याच्या गाडीसाठी म्हणून तोंड वाकडं करत दिल्या, पण बाईचा हात शिवणाऱ्याचा, तिला नुसतं बांधून टाकणं जमेना. तिने चुण्या पाडल्या. वर कापडाची झालर सोडली. फक्कीची रेघ कोरी बरी दिसत नाही म्हणून कोपऱ्यांत रांगोळी घातली. त्यातच आक्कांच्या झेंडूच्या पाट्या टेम्पोची वाट बघत उन्हात होत्या, त्या कुणीतरी सावली म्हणून आत आणून ठेवल्या.

आता पाहा. दारात बांबू, जरीच्या साड्या, झालर, रांगोळी, पाट्या भरभरून झेंडू. घरात लग्नाचा मुलगा, पुण्याला नोकरीला. दुसऱ्या कुणाच्या दारात श्रावणात मांडव दिसला असता तर वस्तीने चौकशी तरी केली असती. पण पगाऱ्यांकडे पंचांग पाहत नाहीत, मुहूर्त लागत नाही, हे सगळ्यांना माहीत. तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. वाटला तो राग, की आपल्याला पत्रिका कशी आली नाही.

पहिल्या दोघी स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि शांताबाईंना टोमणा मारून आत बसल्या. मग सतरंजीवाला आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण सतरंजीशिवाय लोक बसलेले त्याला बघवेनात. ही सावली कसली आहे हे मी गॉगल डोक्यावर चढवून सांगत फिरत होते. "हे गॅरेज आहे," मी म्हणायची. लोक मान डोलवायचे आणि मुलीकडची बाई दिसते, जरा विक्षिप्त आहे, असं आपसांत म्हणायचे.

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला. शांताबाईंनी कानाला लावला.

"आई," तो म्हणाला, "आज माझं लग्न आहे का?"

"नाय रे, तुझ्या बापाच्या गाडीचं हाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. हे ज्यांनी अर्धवट ऐकलं त्यांनी पुढे काय पसरवलं ते सांगत नाही.

आणि देवरे साहेब मोटरसायकलवरून उतरले. बगलेत फाइल, पायात बूट, चेहऱ्यावर परकेपणा. असा माणूस लग्नात फक्त मुलीचा मामा असतो. वस्तीतल्या दोन ज्येष्ठांनी त्यांना दंडाला धरून मांडवात आणलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांची आख्खी नोकरी शुद्ध बोलण्यात गेली होती, ती त्या क्षणी सुटली.

"हाई काय शे?" ते थेट अहिराणीत मला म्हणाले.

"गॅरेज, साहेब," मी म्हटलं.

पगाऱ्यांना या सगळ्यात एकच गोष्ट सुचली. गाडी बसते की नाही ते दाखवून टाकू. ते हॉलमध्ये गेले, गाडी सुरू केली आणि घराच्या पोटातून मरून गाडी हळूहळू बाहेर आली. पोरांनी पाट्यांतला झेंडू तिच्यावर उधळला. नवरदेव कोण उतरतो म्हणून सगळे माना उंचावून पाहत होते. गाडी मांडवात अगदी बरोबर बसली, हँडब्रेक लागला आणि दार उघडून साठी उलटलेले पगारे उतरले.

स्टीलच्या डब्यावाली बाई शांताबाईंकडे वळली. "अगं, हे काय या वयात?"

"त्यांचं गाडीशी झालंय कधीच," शांताबाई म्हणाल्या. "मी तर हॉलातून उठून स्वयंपाकघरात गेले, तुम्हाला आज कळतंय."

मग मांडव हसला. देवरे साहेबही हसले, टोपीसकट. कुणीतरी चहा ठेवला. या गोंधळात मी आक्कांना विसरले होते. साहेबांना माप दाखवायला म्हणून त्यांच्या कुंपणाच्या अंगाला गेले आणि पाहिलं, तर त्या बाजूला साडीच नव्हती. समोरच्या आणि रस्त्याकडच्या बाजूला शांताबाईंच्या चुण्यांनी इतकं कापड खाल्लं होतं की आक्कांची बाजू आणि तळ्याची बाजू उघडीच राहिली होती. माझं इतक्या कष्टाने काढलेलं गॅरेज अर्धवट उभं होतं. मी लाजेने मेले. घाईघाईने आतल्या एका बाईची ओढणी मागायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून आक्का ओरडल्या, "शांते, चहात साखर जास्त टाक गं, साहेब कडू दिसत्यात."

"टाकली आक्का. तुम्ही येता का, का तिथंच देऊ?"

"इथंच दे. मला दिसतंय सगळं."

ते ऐकून माझा हात ओढणीवरच थांबला. त्या दोघी मांडवाच्या आरपार बोलत होत्या. रोज तशाच बोलत असणार. आक्का पहाटे फुलं तोडायला बसायच्या, शांताबाई ओट्यावर भांडी घासायच्या, आणि दोघींच्या मधला जो उजेड होता, त्याच्या मधोमध मी बुटकी भिंत, खिडकीची भिंत आणि नक्षीची भिंत आळीपाळीने उभी करत होते. बारा महिन्यांच्या सूर्याचा हिशेब केला होता. समोरच्या बाईला, आक्का, तुम्हाला तिकडे काय दिसतं, एवढं विचारलं नव्हतं. कलमात तो प्रश्न नव्हता म्हणून.

मी कुंपणापाशी गेले. "आक्का, या बाजूला भिंतच नको असेल तर? नुसते खांब आणि वर पत्रा?"

"असंच?" त्यांनी मांडवाकडे हात केला.

"असंच. साड्या काढून."

"मग कुठं सही करायची?" त्या म्हणाल्या. "नवरा गेल्यावर सकाळी पयलं बोलणं तिच्याशी व्हतं माझं. मधी भिंत आली तर बोलू कुणाशी, शेवंतीशी? ती कवा उत्तर देती?"

देवरे साहेबांनी नारळ फाइलीवर ठेवला आणि पुन्हा शुद्ध बोलायला लागले. चारही बाजूंनी उघडी शेड असेल, पाणी चढलं तर अडणार नाही, हलकं बांधकाम आहे, शेजाऱ्याची संमती आहे, प्लॉट वाकडा आहे, तेव्हा शिफारस करायला हरकत दिसत नाही. माझे तिन्ही भिंतींचे नकाशे त्यांनी मला परत दिले. "हे ठेवा. रंग फार सुंदर आहेत," म्हणाले. टोपी मात्र त्यांनी परत केली नाही.

मंजुरी दसऱ्याच्या आत आली. शेड उभी राहिली, हॉलचं दार पुन्हा माणसाच्या मापाचं झालं, आरसा मोरीतून बाहेर आला. मी त्या दिवशी गॉगल ब्रीफकेसमध्ये ठेवला, तो पुन्हा काढल्याचं आठवत नाही. पुढे मी कुठल्याही शेजाऱ्याकडे गेले की आधी त्याच्या ओट्यावर बसून पाहायची, इथून काय दिसतं. त्याने माझी कामं लवकर व्हायला लागली. एवढं एक मी माझ्या खात्यावर चांगलं धरते. वाईट हे की त्या तळ्याच्या काठाला नंतर बरेच लोक आले, त्यांतल्या काहींच्या सवलती मीच मिळवल्या, आणि आता पलीकडच्या काठाने बघितलं तर पाण्यापेक्षा काचा जास्त चमकतात. प्रत्येकाचं थोडंसंच बाहेर गेलं होतं. सगळ्यांचं मिळून तळ्याच्या बरंच आत गेलं.

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या बाजूला गेले. सून गाडी चालवत होती, मी मागे बसून तिला रस्ता चुकवत होते. पगाऱ्यांची शेड लांबूनच दिसली. आत सतरंजी होती. सतरंजीवर शेवंतीचा ढीग, त्याच्याकडेला यमुनाआक्का, आता चांगल्याच वाकलेल्या, आणि माप द्यायला आलेल्या चार-पाच बायका हार गुंफत बसलेल्या. बायका हॉलमध्ये एकेक करून आत जायच्या, बाकीच्या शेडमध्ये नंबर लावून गप्पा मारायच्या. कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह. दोरीवर ब्लाउज. एका खांबाला आरसासुद्धा.

गाडी चिंचेखाली होती. बगळ्यांनी तिचा रंग ठरवून टाकला होता. आत ड्रायव्हरच्या सीटवर पगारे पेपर वाचत होते. मला पाहून त्यांनी अदबीने मागचं दार उघडलं.

मी बसले. "शेड गाडीसाठी मंजूर आहे हो, पगारे. गाडी आत का नाही?"

"बायका बसलेल्या असतात," ते आरशात बघून म्हणाले. "हॉर्न वाजवून पाहिला. यमुनाआक्कांनी तिथूनच मला दुसरीकडं लावायला सांगितलं."

काच खाली झाली, चहा आला. या वेळी बशी अलगद ठेवली गेली. शांताबाई शेडकडे परत गेल्या. त्या पुरेशा लांब गेल्याची खात्री करून पगारे मागे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. गाडी हॉलमध्ये ठेवायला नियमात काही अडचण आहे का?"

मी आठवून पाहिलं. जाड पुस्तक अजून पाठ आहे.

"नियमात काहीच नाही, पगारे," मी म्हटलं. "पण शेजाऱ्यांची आणि घरच्यांची सही लागेल, आणि त्या दोघी तिकडे एकत्र बसल्या आहेत."

त्यांनी शेडकडे पाहिलं, पेपर उघडला आणि काचेवर नुकतंच वरून पडलेलं पांढरं पुसायला वायपर चालू केला.